थोरलीची हळद

त्या सोमवारी थोरली नांदूरच्या खिंडीत बंद पडली असती, तर सावळेराम दिघेला एक अख्खी पिकअप मिळणार होती. चार चाकं, हौदा, ताडपत्री आणि आरशाला टांगलेली लिंबू-मिरची धरून. न पडली तर एकोणीस वर्षं मिळत होतं तेच मिळणार होतं, म्हणजे पगार आणि दिवाळीला सफारीचं एक कापड. फक्त ते कापडही आता दुसरा कुणीतरी शिवणार होता, कारण गाडी विकली गेली की भाऊसाहेब गुंजाळ नवी घेणार आणि नवीवर भाच्याला बसवणार, हे अख्ख्या बाजारपेठेला ठाऊक होतं.

सकाळी सव्वासातला मी शटर वर करत होतो, तर सावळेराम पायरीवर बसलेला. माझं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं. एवढ्या सकाळी माझ्याकडे येणारा माणूस एक तर रस्त्यात अडकलेला असतो किंवा उधारी मागायला आलेला. सावळेराम दोन्हींतला नव्हता. उधारी त्यानं कधी केली नाही, आणि रस्त्यात तो अडकत नसे.

"शेठ, गिऱ्हाईक किती वाजता येणार?"

"दहाला. का रे?"

"पक्कं घेणार आहे का बघणार आहे नुसता?"

"बघून घेणार."

"काय काय बघंल?"

"सगळे काय बघतात? इंजिन बघतात, ब्रेक बघतात, चढाला कशी ओढते ते बघतात."

सावळेरामच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "मग आज मी गाडी चालवीत नाही," तो म्हणाला. "मी मागं हौद्यात बसतो. चालवू द्या त्यालाच."

ह्यात हसण्यासारखं काय होतं ते कळायला थोरली माहीत पाहिजे. भाऊसाहेबांचा मंडपाचा धंदा. आमच्या तालुक्यात लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस, बांबू, कनाती, खुर्च्या आणि शंभर माणसांची भाजी बसेल असली पातेली घेऊन ही शेवाळी रंगाची पिकअप दारात उभी असायची. पुढे भाऊसाहेबांनी एक तीनचाकी घेतली, तिला लोक धाकटी म्हणू लागले आणि हिची आपोआप थोरली झाली.

थोरलीबद्दल बोलताना भाऊसाहेबांचा आवाज बदलायचा. "लोखंड आहे लोखंड! आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. हिला एकोणीस वर्षांत पाना लावलेला नाही. विचारा प्रभाकरला."

प्रभाकर म्हणजे मी. मला विचारलं की मी मान डोलवायचो. गिऱ्हाइकाच्या मालकाला खोटं पाडून धंदा होत नाही.

भाऊसाहेब स्वतः गाडी चालवत नसत. मालक आहोत, असं त्यांचं म्हणणं. ते डाव्या बाजूला बसत आणि ड्रायव्हर किती धार्मिक मिळालाय याचं कौतुक सांगत. सावळेराम गाडी कायम पूर्वेला तोंड करून लावतो. पुढच्या खणात देवाची म्हणून हळदीची पुडी ठेवतो. चालवताना मनातल्या मनात भजन म्हणतो, आणि पाय कसा ताल धरतो, तीन-तीन मात्रांचा! असा माणूस मिळायला नशीब लागतं.

पूर्वेचं असं होतं की गोदामापुढचा उतार पूर्वेला होता. थोरलीचा स्टार्टर कधीच गेला होता. उतारावर सोडून गिअर टाकला तरच ती सुरू व्हायची. हळद रेडिएटरसाठी होती. रेडिएटर बारीक गळायचा आणि पाण्यात मूठभर हळद टाकली की चिरा तात्पुरत्या बुजतात, हे कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. आणि भजन नव्हतं ते. थोरलीचा ब्रेक तिसऱ्यांदा दाबल्यावर लागायचा.

हे मला कसं ठाऊक? कारण पाना रोज लागत होता आणि पान्याबरोबर लागणारा माल माझ्या दुकानातून जात होता. फक्त तो भाऊसाहेबांच्या नावावर जात नव्हता. सावळेराम यायचा, भत्त्यातून वाचवलेल्या चुरगळलेल्या नोटा काउंटरवर सरळ करायचा आणि म्हणायचा, "मालकाला बोलू नका."

त्याचं कारण होतं. थोरली आली त्या वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, पेढे वाटले, आणि चार माणसांत भाऊसाहेबांनी सावळेरामच्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, "नीट सांभाळ रे हिला. माझं काम झालं की ही तुझी." त्या चार माणसांत मी होतो. पेढा चांगला होता.

भाऊसाहेब घरी पोचेपर्यंत हे विसरले असतील. सावळेराम मात्र त्या दिवसापासून स्वतःची गाडी चालवू लागला. आपल्याला मिळणार ती मोडकी कशाला मिळावी, असा त्याचा सरळ विचार. क्लच गेला, त्यानं बदलला. बॅटरी बसली, त्यानं आणली. जे परवडलं नाही, म्हणजे स्टार्टर, गिअरबॉक्स, हँडब्रेक, ते त्यानं हातापायांनी भागवलं. दुसरा गिअर निसटायचा, तो गुडघ्यानं दाबून धरायचा. हँडब्रेकच्या जागी सीटमागे एक काळा दगड होता, तो चाकाखाली. आठव्या की नवव्या वर्षी त्यानं माझ्या शेजारच्या पेंटरकडून पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली. निळ्यावर पिवळी अक्षरं. 'मालक : सावळेराम गोविंद दिघे.' ती पोत्यात गुंडाळून त्या दगडाजवळच ठेवली. गाडी नावावर झाली की हिरव्या चाऱ्याची लाईन धरायची, असं ठरलेलं.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेलच. थोरली कधी खर्च मागत नाही, म्हणून भाऊसाहेबांचं तिच्याशी काम संपत नाही. आणि ती खर्च का मागत नाही, तर सावळेराम तो करतो म्हणून. मला हे तिसऱ्या वर्षीच दिसलं होतं. मी बोललो नाही. क्लच प्लेट विकताना गिऱ्हाइकाला शहाणपण फुकट देऊ नये.

त्या सकाळी पायरीवर मात्र त्याला स्वतःलाच दिसलं होतं.

"शेठ, मीच अडवली माझी गाडी," तो म्हणाला. "भंगार केली असती तर सातव्या वर्षीच दारात आली असती."

"मग आता?"

"काल मालक काय म्हटले माहिती का? म्हणे, हा नाही म्हटला तर तू घेऊन जा बाबा, मला दारात नको. नवीला जागा पाहिजे." त्यानं खिशातून हळदीची पुडी काढली, मला दाखवली आणि परत खिशात घातली. "आज हिला हळद नाही. आज दिसू द्या जशी आहे तशी."

"अरे पण..."

"काय?"

"काही नाही. चहा घेतोस?"

मी या सौद्यातला मध्यस्थ होतो. गिऱ्हाईक मी आणलेलं, आणि माझं जे काही ठरलं होतं ते दोन्ही बाजूंनी ठरलं होतं.

दहाच्या ठोक्याला पंकज वाकचौरे आला. पस्तिशीचा, पांढरे बूट, हायवेला मिसळीचं मोठं हॉटेल. भाऊसाहेब स्वतः इस्त्रीच्या कपड्यांत गोदामापुढे उभे होते आणि थोरली त्यांच्यामागे, सपाटीला. एकोणीस वर्षांत प्रथमच सपाटीला.

"आज पश्चिमेला तोंड?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हटलं जरा बदल," हौद्यातून सावळेराम म्हणाला. तो सीटमागचा काळा दगड घेऊन आधीच वर चढून बसला होता.

"तू मागं काय करतोस? चालव की!"

"साहेबांना घ्यायचीय ना? साहेबांनी चालवावी."

पंकज चाकापुढे बसला, भाऊसाहेब मध्ये, मी डाव्या दाराशी. किल्ली फिरवली. थोरली गप्प. परत फिरवली. टक्, एवढंच.

"थंडी धरते सकाळची," भाऊसाहेब म्हणाले.

एप्रिल होता. माझ्या बनियनमधून घाम निथळत होता. मंडपाची चार पोरं बोलावून ढकलली तेव्हा थोरली खोकली आणि चालू झाली. धुरानं गोदाम दिसेनासं झालं.

"वा!" पंकज म्हणाला. "काय आवाज आहे!"

"लोखंड आहे," भाऊसाहेब म्हणाले.

गाव संपेपर्यंत दुसरा गिअर तीनदा निसटला. खड्डा आला की दांडा भाऊसाहेबांच्या मांडीवर आपटायचा.

"हे असं का होतं, काका?"

"ती सांगते आपल्याला, गिअर बदला म्हणून. नव्या गाड्यांत ही समज नाही." भाऊसाहेबांनी मांडी चोळली. "आणि हे बघा डिझेल. काट्याकडे बघा. एवढे आलो, हलला का? खातच नाही."

तो काटा नऊ वर्षांपासून अर्ध्यावर होता. सावळेराम टाकीत काठी बुडवून बघायचा.

मागच्या जाळीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. प्रत्येक आपट्याला तो खुश व्हायचा आणि लगेच कळवळायचा. पोटचं पोर मास्तरांपुढे नापास व्हावं म्हणून नवस केलेल्या बापाचं जसं होईल, तसं त्याचं चाललं होतं. गिअर निसटला की त्याचा गुडघा हौद्यात आपोआप हलायचा.

खिंड सुरू झाली. अर्ध्या चढावर बॉनेटमधून पहिली वाफ आली.

"हे काय?" भाऊसाहेब.

"वाफ," मी म्हणालो.

"वाफ कशी? हिला कधी वाफ येत नाही!" ते मागे वळले. "सावळ्या! वाफ कशी येतेय रे?"

"पाणी नसंल!" जाळीतून आवाज आला. फार आनंदी आवाज नव्हता तो.

वरून दुसऱ्या वळणाला थोरलीनं एक मोठा उसासा टाकला, काच पांढरी झाली आणि इंजिन बंद पडलं. एक क्षण गाडी जागच्या जागी थांबली. सावळेरामची गाडी होण्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

मग ती मागे सरकू लागली.

पंकजनं ब्रेक दाबला. पाय तळाला गेला. त्यानं हँडब्रेक ओढला. तो दोरीसारखा वर आला. मागे वळण होतं आणि वळणापलीकडे काही नव्हतं. मी दाराची मूठ फिरवली. डावं दार आतून उघडत नाही, काच खाली करून बाहेरून उघडावं लागतं, हे मला ठाऊक होतं. त्या दाराचं कुलूप मीच सुचवलं होतं आणि सावळेरामला महाग वाटलं होतं. भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता.

"तीनदा दाबा!" मागून ओरडा आला. "साहेब, तीनदा दाबा! तीनदा!"

पंकजनं दाबला की नाही आठवत नाही. मला आरशात एवढंच दिसलं की सावळेराम छातीशी काळा दगड धरून चालत्या हौद्यातून खाली पडला. उतरला नाही, पडला. आणि पडल्या पडल्या त्यानं दगड मागच्या चाकाखाली सारला. थोरली दगडावर चढली, डुलली, परत खाली बसली आणि थांबली.

त्यानंच बाहेरून मला दार उघडून दिलं. त्याचं कोपर सोललं होतं.

भाऊसाहेब खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. मग ते शांतपणे म्हणाले, "तीनदा दाबा म्हणजे काय रे?"

सावळेरामनं कोपरावर फुंकर मारली. "पहिल्या दोनदा लागत नाही."

"कधीपासून?"

"झाली दहा-अकरा वर्षं."

"म्हणजे ते भजन..."

"कसलं भजन?"

"माझ्या लेकीची वरात काढलीस तू हिच्यातून! ब्रेक नसताना?"

"ब्रेक होता की, भाऊसाहेब. तीनदा दाबला की होता."

भाऊसाहेब उठले. चेहरा शेंदरासारखा झाला होता. "आणि मी सगळ्या तालुक्यात सांगत फिरतोय, लोखंड, लोखंड! नको मला हे लोखंड. घेऊन जा! आत्ताच्या आत्ता घेऊन जा ही तुझी गाडी, माझ्या डोळ्यांसमोर नको!"

सावळेराम एकदम ताठ झाला. तो भाऊसाहेबांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"शेठ," तो म्हणाला, "ऐकलंत ना? तुम्ही आहात ना साक्षीला?"

मी तोंड उघडण्याआधी पंकज हसला. तो इतका वेळ थोरलीभोवती फिरून मोबाइलवर फोटो काढत होता.

"अहो काका, चिडताय कशाला? मला कुठं चालवायचीय ही?"

"म्हणजे?"

"हॉटेलपुढं उभी करायची. लोक फोटो काढतात. हौद्यात गवताच्या पेंढ्या, वर दिव्यांची माळ. ब्रेक घेऊन काय करू मी? उलट ही वाफ एक नंबर आहे. संध्याकाळी सात ते दहा अशी चालू ठेवता येईल का? प्रभाकरकाकांना सांगितलं होतं की मी, दिसायला जुनी पाहिजे फक्त."

हो, सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच. भाऊसाहेबांना मी बोललो नव्हतो, कारण थोरलीचा पुतळा होणार हे कळल्यावर ते रुसले असते किंवा किंमत चढवली असती. सावळेरामला का बोललो नव्हतो? त्यानं सकाळी विचारलं होतं, काय बघंल. मी सगळे काय बघतात ते सांगितलं. हा काय बघेल ते सांगितलं नाही.

भाऊसाहेबांचा रंग हळूहळू उतरला. त्यांनी सदरा नीट केला. "तसं म्हणता," ते म्हणाले. "मग ठरल्याप्रमाणेच."

"ठरल्याप्रमाणेच."

"भाऊसाहेब," सावळेराम म्हणाला, "आत्ता तुम्ही मला दिली."

"रागात बोलतो माणूस."

"खंडेनवमीला पण दिली होती. तेव्हा राग नव्हता."

"कुठली खंडेनवमी?"

सावळेराम परत माझ्याकडे वळला. "शेठ, तुम्ही होता. तेव्हा पण होता, आत्ता पण आहात. बोला की."

खिंडीत वारा नव्हता. इंजिन निवताना टकटक वाजत होतं. तिघंही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांतल्या दोघांकडून मला दलाली यायची होती.

"आधी रेडिएटरमध्ये पाणी घालू," मी म्हणालो. "ऊन वाढतंय."

सावळेरामनं माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग त्यानं हौद्यातला कॅन काढला, फडक्यानं झाकण उघडलं, पाणी ओतलं आणि खिशातली पुडी काढून सगळी हळद आत रिकामी केली.

"ते काय घातलंस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"देवाचं," तो म्हणाला.

परत त्यानंच चालवली. आम्ही ढकलून तिचं तोंड फिरवलं, त्यानं उतारावर सोडली, गिअर टाकला, गुडघा दांड्याला लावला. खिंड उतरताना प्रत्येक वळणाला त्याचा पाय तीनदा हलत होता. भाऊसाहेब पायाकडे बघत होते. वाफेचा थेंब नाही, आवाजात खरखर नाही. हॉटेलपुढच्या फरशीवर त्यानं थोरली अशी लावली की पंकज म्हणाला, "हिला तर काहीच झालेलं नाही!"

सीटमागून दगड काढायला तो वाकला, तेव्हा पोतं खाली पडलं आणि पाटी बाहेर आली. पंकजनं ती उचलली, उलटसुलट बघितली.

"ही पण जुनी आहे? मस्त! हीपण राहू द्या."

सावळेरामनं पाटी तिथंच सोडली. दगड मात्र घेऊन गेला.

याला आता बारा वर्षं झाली. भाऊसाहेबांनी नवी पिकअप घेतली, भाचा तिच्यावर बसला. भाचा बिलाशिवाय हवासुद्धा भरत नाही. महिन्यातून दोनदा भाऊसाहेब माझ्या काउंटरशी उभे असतात आणि पैसे मोजताना म्हणतात, "जुन्या गाड्या त्या जुन्या गाड्या, प्रभाकर. थोरलीला कधी पाना लावला का आपण?" मी मान डोलवतो. सावळेराम कुणाच्या तरी दुधाच्या टँकरवर आहे. तो मालही समोरच्या दुकानातून नेतो. माझ्याकडे येत नाही.

हॉटेल जोरात चालतं. थोरलीवर दिव्यांच्या माळा आहेत, आणि पुढच्या बंपरवर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'मालक : सावळेराम गोविंद दिघे' असं लिहिलेलं आहे. पोरं-पोरी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मागच्या महिन्यात एकानं मला विचारलं, "हे सावळेराम कोण होते हो? गाडी फार प्रेमानं ठेवलीये." म्हटलं, असतील कुणीतरी.

भाऊसाहेबांना एका भंगाराची किंमत मिळाली. पंकजला गर्दी मिळाली. मला दोन्हीकडून मिळालं, आणि एकोणीस वर्षं आधीपासून मिळत होतं. थोरलीला जे लागलं ते दोन क्लच प्लेटी, तीन बॅटऱ्या, एक वॉटर पंप, पट्टे आठ, ब्रेकचे वायसर कितीतरी. सगळे त्याचे, सगळे रोख, आणि सूट मी कधी दिली नाही.

हळद तेवढी माझ्या दुकानातली नव्हती. ती त्याच्या बायकोच्या डब्यातून यायची.